लढाईचे नियम : किती खरे, किती खेळण्याजोगे?

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांत लढाईचे नियम किती खरे असावेत, हा वाद त्या खेळांइतकाच जुना आहे. खरेपणा हवा की सुटसुटीतपणा, अशा शब्दांत तो नेहमी मांडला जातो, आणि एक घेतले की दुसरे सोडावेच लागते असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात काही नियम अतिशय किचकट असूनही धडधडीत खोटे निकाल देतात, तर काही नियम दोन फाशांत आटोपतात आणि तरीही खऱ्या लढाईची नस पकडतात. असे का होते, हे या लेखात समजावून घेऊ.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण गेम मास्टर असतो. तो प्रसंग उभा करतो आणि शत्रूंसह बाकी सगळ्या जगाची बाजू सांभाळतो. इतर प्रत्येकाकडे एकेक पात्र असते आणि ते पात्र काय करते हे त्या खेळाडूने सांगायचे असते. जे घडेल की नाही याची शंका असते, तिथे फासे टाकतात. बोलणी, प्रवास, शोध यांना थोडक्या नियमांवर भागते, कारण तिथे गेम मास्टरचा शब्द सहसा कोणी मोडत नाही. लढाईत मात्र पात्राचा जीव पणाला लागलेला असतो, आणि महिनोन् महिने जपलेले पात्र कोणाच्या तरी मर्जीने मेले असे कोणालाच वाटायला नको असते. म्हणूनच या खेळांच्या नियमपुस्तकांत लढाईचे प्रकरण बहुधा सर्वांत जाड असते.

साताऱ्यात मंगळवार तळ्याजवळ एका मित्राच्या घरी आमचा गट जमतो. सध्या चालू असलेली मोहीम सतराव्या शतकातल्या जावळीच्या खोऱ्यात घडते. हा भाग आमच्यापैकी प्रत्येकाच्या पायाखालचा आहे. प्रतापगडाचा उतार किती अंगावर येतो, पावसाळ्यात कोयनेच्या खोऱ्यात किती अंतरावरचे दिसते, हे कोणाला सांगावे लागत नाही, आणि म्हणूनच खरेपणाचा आग्रहही इथे जास्त असतो. परकीय कल्पनारम्य जगातल्या राक्षसाने दहा वार सोसले तर कोणी हरकत घेत नाही. पण ओळखीच्या घाटात माणूस भाला लागूनही धावत सुटला, की लगेच प्रश्न येतो.

“काका, भाला बरगडीत घुसलाय आणि पुढच्या पाळीला मी तसाच पळतोय, हे काही पटत नाही,” असे आमच्यातल्या सर्वांत धाकट्या खेळाडूने एकदा गेम मास्टरना विचारले. “मग तुला आत्ताच पाडू का? आठ वाजलेत, जेवायची वेळ होईपर्यंत नुसता बसून राहशील,” असे त्यांनी उलट विचारले. दोघांचेही म्हणणे बरोबर होते, आणि सगळा पेच या दोन वाक्यांत आला आहे.

हा पेच पहिल्यांदा पडला तो करमणुकीच्या खेळात पडलाच नाही. तो सैन्याच्या प्रशिक्षणात पडला. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी गेओर्ग फॉन राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये नकाशा, ठोकळे, फासे आणि हानीची कोष्टके वापरून युद्धसरावाचा एक खेळ सिद्ध केला. मध्ये पंच बसत असे. दोन्ही बाजू त्याला लेखी हुकूम देत, आणि कोष्टके व फासे पाहून तो निकाल सांगत असे. पुढे नियम आणि कोष्टके इतकी जड वाटू लागली, की १८७६ मध्ये युलिउस फॉन व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने कोष्टके बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवावा, असा मार्ग सुचवला. ज्यांचा पेशाच युद्धाचा होता आणि ज्यांना खरेपणाची सर्वाधिक गरज होती, त्यांनीच तपशील कमी केला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

रोलप्लेइंग खेळ म्हणून आज आपण जे ओळखतो त्याची सुरुवात १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने झाली. त्यामागे १९७१ चे ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन युद्धांच्या छोट्या पुतळ्यांच्या खेळाचे नियम होते. पुतळ्यांच्या युद्धखेळात एकेक पुतळा अनेकदा सैनिकांच्या तुकडीच्या जागी उभा असतो, आणि अशी तुकडी पडली की नाही एवढेच पाहावे लागते. एक पुतळा म्हणजे एकच माणूस, आणि त्या माणसाला नाव, घर, हेतू आहे असे ठरल्याबरोबर त्याला लागले कुठे, किती, आणि तो त्यानंतर काय करू शकतो, हे प्रश्न उभे राहिले. त्यांना दिलेले उत्तर म्हणजे हिट पॉइंट. पात्राला काही गुण असतात, वार लागला की ते कमी होतात आणि शून्यावर आले की पात्र पडते. ही कल्पना नौदलाच्या लढायांच्या नियमांतून घेतल्याचे आर्नेसन यांनी पुढे सांगितले होते. जहाज तडाखे सोसत सोसत बुडते, हे समजण्यासारखे आहे. माणूस तसा बुडत नाही, आणि म्हणूनच हिट पॉइंटवर गेली पन्नास वर्षे टीका होत आली आहे.

या टीकेला गायगॅक्स यांनी १९७९ च्या गेम मास्टरसाठीच्या पुस्तकात दिलेले उत्तर फारसे कोणी नीट वाचत नाही. हिट पॉइंट म्हणजे केवळ शरीराची सहनशक्ती नव्हे. त्यात कौशल्य, नशीब, ऐनवेळी अंग चोरण्याची हातोटी, असे सगळे धरलेले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या नियमांत लढाईची एक फेरी, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी, एका मिनिटाची होती. मिनिटभरात दोघे कितीतरी वेळा हूल देतात, मागे सरतात, वार अडवतात. फाशाचे एक दान म्हणजे त्या सगळ्या झटापटीचा गोळाबेरीज निकाल. या मोजणीत आठ गुण गेले याचा अर्थ भाला आरपार गेला असा होत नाही. तो अंगाला चाटून गेला, दम उखडला, पाय मागे पडला, असा होऊ शकतो. मॅटवरच्या कुस्तीत फलकावर दोन गुण लागतात तेव्हा ते ढाक मारून मिळाले की एकलंगीने, हे फलक सांगत नाही. कुस्ती कोणाकडे झुकली आहे एवढेच सांगतो. हिट पॉइंट हा तसा फलक आहे. गोंधळ वाढला तो पुढे. २००० सालच्या आवृत्तीत फेरी सहा सेकंदांची झाली आणि एक दान म्हणजे साधारण एक वार असे वाटू लागले. फलक मात्र जुनाच राहिला. आमच्या धाकट्या खेळाडूची तक्रार नेमकी याच सांध्यातून निघालेली आहे.

याच जुन्या नियमांतली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७४ च्या मूळ नियमांत सगळ्या शस्त्रांची इजा सारखीच होती : सहा बाजूंचा एक फासा. खंजीर असो वा लांब तलवार, फरक नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या पुरवणीत प्रत्येक शस्त्राला वेगळा फासा मिळाला आणि ती सुधारणा मानली गेली. मला मात्र मूळ नियमामागचा विचार जास्त खोल वाटतो. साध्या माणसाकडेही त्या खेळात एका फाशाइतकेच गुण असत. म्हणजे कोणतेही शस्त्र साध्या माणसाला एका वारात मारू शकत असे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या भेटीत वाघनख वापरले गेले, असे आपण सारे ऐकत आलो आहोत. शस्त्रांच्या इजेचे ‘खरे’ कोष्टक कोणी बनवले, तर बोटांत लपणाऱ्या वाघनखाला त्यात तळाची जागा मिळेल, चार बाजूंचा फासा, सरासरी अडीच गुण. त्या शस्त्राचे सारे मोल ते दिसत नाही यात आणि अंतर एका मिठीइतके उरले आहे यात होते. कोष्टकाने पात्याची लांबी मोजली. निकाल ठरवणारी गोष्ट कोष्टकाबाहेरच राहिली.

हिट पॉइंटला कंटाळून ज्यांनी वेगळे मार्ग काढले त्यांचे कामही मोठे आहे. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’मागच्या स्टीव्ह पेरिन यांच्यासारख्या मंडळींनी चिलखत घालून सरावाच्या लढाया स्वतः खेळल्या होत्या, आणि ते त्या नियमांत दिसते. तिथे मारणाऱ्याने वाराचे दान टाकायचे, ज्याच्यावर वार झाला त्याने अडवण्याचे, मग वार हातावर बसला की पायावर की डोक्यावर हे तिसऱ्या दानाने ठरायचे, मग इजेचे दान, आणि त्यातून त्या अवयवावरचे चिलखत वजा करायचे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये चिलखतामुळे वार लागणेच अवघड होते; इथे वार लागतो, पण चिलखत तो सोसते. आपल्या इतिहासाला हे दुसरे रूप अधिक जवळचे आहे, कारण भेटीच्या प्रसंगी अंगरख्याखाली चिलखत होते म्हणून खानाचा वार बाधला नाही, अशीच ती कथा सांगितली जाते. पुढे १९८६ च्या ‘गर्प्स’ने फेरी एका सेकंदावर आणली, आणि त्याच वर्षीच्या ‘फिनिक्स कमांड’ने बंदुकीची गोळी शरीरात कुठून कुठे जाते याचीही कोष्टके दिली.

आता हिशेब करून पाहू. समजा, घाटात आमची चार पात्रे आणि समोर सहा शिपाई आहेत. पहिल्या पद्धतीत एका वाराला जास्तीत जास्त दोन दाने लागतात, वाराचे आणि इजेचे. एका दानाला, आकडा वाचणे, बेरीज आणि नोंद धरून, पंधरा सेकंद धरले, तर दहा जणांची एक फेरी पाच मिनिटांत संपते. दुसऱ्या पद्धतीत वार, अडवणे, अवयव, इजा आणि शेवटी वेदनेने पात्र खाली बसते का हे पाहण्याचे दान, अशी पाच दाने प्रत्येक वाराला लागली, तर तीच फेरी साडेबारा मिनिटे चालते. प्रत्येक वार शेवटच्या दानापर्यंत पोचत नाही हे खरे. पण कोष्टक शोधायला लागणारा वेळही मी धरलेला नाही. आणि फेरी एका सेकंदाची असेल, तर साडेबारा मिनिटांत लढाईचा एक सेकंद पुढे सरकला. खऱ्या लढाईचे सर्वांत ठळक लक्षण म्हणजे विचार करायला वेळ नसणे. तपशिलाने बाकी सगळे खरे केले आणि नेमके हेच लक्षण पुसून टाकले.

तपशील नेहमी वेळच खातो असे नाही. कधी तो सरळ खोटा निकाल देतो. लढाईत माणसाच्या हातून शस्त्र निसटते, म्हणून वीस बाजूंच्या फाशावर एक पडला की तलवार हातातून पडते, असा नियम पुष्कळ गटांत चालतो. वरवर पाहता तो वास्तवाला धरून आहे. एका वाराला अशी शक्यता शेकडा पाच. पण पात्र जसजसे पारंगत होते, तसतसे त्याला एका फेरीत जास्त वार करता येतात. चार वार करणाऱ्या कसलेल्या योद्ध्याच्या हातून एका फेरीत तलवार निसटण्याची शक्यता साडेअठरा टक्के होते. नवशिक्याची पाच टक्केच राहते. म्हणजे तालीम जितकी जास्त, तितका हात ढिला! नियम लिहिणाऱ्याने एका वाराकडे पाहिले, फेरीकडे पाहिले नाही. वास्तवाच्या नावाने आणलेला प्रत्येक नियम असा दहा-वीस फेऱ्या चालवून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये, असे माझे ठाम मत आहे.

मृत्यूच्या बाबतीत हा गुणाकार आणखी निष्ठुर आहे. एका चकमकीत प्रत्येक पात्राला मरणाचा धोका शेकडा पाच धरला, तर शिपाईगिरीच्या मानाने तो कोणालाच जास्त वाटणार नाही. पण एका मोहिमेत वीस चकमकी होतात असे धरा. एक पात्र त्या सगळ्यांतून जिवंत बाहेर पडण्याची शक्यता जेमतेम छत्तीस टक्के, आणि चौघेही वाचण्याची दोन टक्क्यांहून कमी. धोका शेकडा एकवर आणला तरी चौघे वाचण्याची शक्यता पंचेचाळीस टक्क्यांच्या आतच राहते. खऱ्या सैन्यात हे चालते, कारण मोहीम एका माणसाची नसते. गेलेल्याच्या जागी दुसरा येतो. खेळात मात्र खेळाडू त्या एका पात्रावर जीव लावून बसलेला असतो. तेव्हा नियम लिहिणाऱ्यापुढे दोनच प्रामाणिक मार्ग उरतात : लढाई कमी प्राणघातक करायची, किंवा लढायाच कमी करायच्या. दुसरा मार्ग मला अधिक आवडतो, कारण खरा योद्धाही लढाई टाळता आली तर टाळतच असे.

इथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. नियमाने लढाईची नक्कल करायची नसते. त्या लढाईत उभ्या असलेल्या माणसापुढे जे निर्णय पडले असते, तेच निर्णय खेळाडूपुढे आणून ठेवायचे असतात. पुढे जाऊ की थांबू, याला मारू की मित्राला उठवू, वाट अडवून धरू की निसटू? नियम या प्रश्नांना वजन देत असेल तर तो खरा आहे, मग त्यात एकच फासा का असेना. वार कोपराच्या वर बसला की खाली, हे ठरवण्यात खेळाडूचा कोणताच निर्णय नसतो. ते फक्त कळते. म्हणून तपशील खर्च करायचा तो निर्णयाच्या जागी.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे धैर्याचा नियम. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८१ च्या प्राथमिक संचात प्रत्येक शत्रूला दोन ते बारा यांमधला एक आकडा दिलेला होता. त्यांच्या बाजूचा पहिला माणूस मेला, आणि पुढे निम्मे निकामी झाले, की गेम मास्टरने दोन फासे टाकायचे. बेरीज त्या आकड्यापेक्षा जास्त आली की शत्रू माघार घेतो किंवा शरण येतो. आकडा सात असेल, तर पहिल्याच तपासणीत पळ काढण्याची शक्यता छत्तीसांत पंधरा, म्हणजे साधारण बेचाळीस टक्के. सगळा नियम एवढाच. पण इतिहासातल्या लढाया शेवटचा माणूस पडेपर्यंत क्वचितच चालतात. एका बाजूचा धीर सुटतो आणि तिथेच त्या संपतात. प्रतापगडावरही खान पडल्यानंतर, रानात दबा धरून बसलेल्या मावळ्यांनी छावणीवर घाला घातला तेव्हा ती मोठी फौज विस्कटली. हा नियम टेबलावर आला की खेळाडू आपोआप सेनापतीला गाठण्याचा, अंधाराचा, आवाजाचा, अचानकपणाचा विचार करू लागतात, कारण सहाही जणांना मारण्याची गरज उरलेली नसते. फेऱ्या कमी होतात आणि खरेपणा वाढतो, दोन्ही एकाच वेळी. दुर्दैवाने पुढच्या काळात बऱ्याच गटांनी हाच नियम गाळला आणि अवयवांची कोष्टके ठेवली.

धैर्याचे हे दान खेळाडूंच्या पात्रांसाठी मात्र टाकत नाहीत, आणि तेही योग्यच आहे. आमच्याच जिल्ह्यातील खटाव तालुक्यातल्या भोसरे गावचे प्रतापराव गुजर यांचे दोन प्रसंग यासाठी शेजारी ठेवून पाहावेत. १६७३ मध्ये जत तालुक्यातील उमराणीजवळ त्यांनी बहलोलखानाच्या फौजेचे पाणी तोडून तिला जेरीस आणले. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत ते मोजक्या सहा जणांसह त्याच खानाच्या फौजेवर चालून गेले आणि सातही जण कामी आले. पहिल्या प्रसंगासाठी वाराचे अचूक नियम काहीच उपयोगाचे नाहीत. तिथे ‘पाणी तुटले की दर दिवशी धैर्याचा आकडा एकाने घटतो’ एवढी एक ओळ पुरते, आणि तळ्याचा काठ हीच रणभूमी होते. दुसऱ्या प्रसंगात फाशाने ‘पळ’ असा निकाल दिला असता तर ती घटना घडलीच नसती. जायचे की नाही हा निर्णय माणसाचा होता, म्हणून खेळातही तो खेळाडूचाच राहिला पाहिजे. परिणाम मात्र नियमाने लपवू नये : सात घोडी मोठ्या फौजेवर गेली तर काय होईल, हे खेळाडूला घोड्याला टाच मारण्याआधीच स्वच्छ कळलेले असावे.

शस्त्रांच्या बाबतीतही हीच कसोटी लावता येते. आमच्या मोहिमेसाठी दांडपट्ट्याचा नियम लिहायला घेतला, तेव्हा पहिला मसुदा पानभर झाला : पात्याची लांबी, ते किती लवते, कोणत्या चिलखतावर किती चालते, दोन्ही हातांत पट्टे असले तर काय. पट्ट्यात हात कोपराच्या बाजूपर्यंत लोखंडी खोबणीत असतो. मनगट वळत नाही, म्हणून वार खांद्यातून आणि अंग फिरवून येतो. हे सगळे खरे होते, पण खेळाडूने त्याचे करायचे काय हे त्या पानावरून कळत नव्हते. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळ पाहताना एक गोष्ट प्रत्येकाच्या लक्षात येते : पट्टा फिरू लागला की भोवतीचे रिंगण आपोआप मोकळे होते, आणि त्यात फिरवणाऱ्याचे स्वतःचे साथीदारही थांबत नाहीत. त्यावरून नियम तीन वाक्यांवर आला. पट्टा फिरवत असलेल्या पात्राच्या लगतच्या घरात (टेबलावरच्या नकाशातल्या चौकटीत) जो शिरेल, त्याच्यावर ताबडतोब एक वार होतो. हा नियम मित्रालाही लागू आहे. आणि भिंत, कडा किंवा दाट झाडी लगत असेल, तर पट्टा फिरवता येत नाही.

या तीन वाक्यांनी टेबलावर जे घडले, ते त्या पानभर मजकुराने कधीच घडले नसते. पट्टेकरी खेळाडू मोकळी जागा शोधू लागला. बाकीचे त्याच्यापासून दोन घरे लांब राहून त्याच्या रिंगणाच्या कडेने लढू लागले. शिपायांनीही त्याला करवंदीच्या जाळीकडे रेटायचा प्रयत्न केला, कारण गेम मास्टरनाही तोच नियम माहीत होता. शस्त्र कसे बनले आहे याची एकही नोंद न करता ते शस्त्र कसे वापरतात हे दिसू लागले.

समोरासमोरच्या द्वंद्वासाठी असाच एक सुरेख नियम २००२ च्या ‘द रिडल ऑफ स्टील’मध्ये आहे. तो लिहिणारे जेक नॉरवुड स्वतः जुन्या युरोपीय तलवारबाजीचा अभ्यास करणारे. द्वंद्व सुरू होताना दोन्ही खेळाडू मुठीत एकेक फासा लपवतात, लाल किंवा पांढरा, आणि एकदम खाली टाकतात. लाल म्हणजे आधी वार, पांढरा म्हणजे आधी बचाव. दोन्ही लाल पडले तर दोघेही एकमेकांच्या पात्यावर जाऊ शकतात. ती पद्धत एकूण सोपी नाही, तिला सराव लागतो. पण तलवार उपसलेल्या माणसाला जी भीती वाटत असेल ती मूठ उघडण्याच्या त्या क्षणी खेळाडूच्या पोटात खरोखर येते. तपशील तिथेही आहे. तो निर्णयाच्या जागी आहे, एवढाच फरक.

आता जखमांचा प्रश्न, कारण धाकट्या खेळाडूच्या तक्रारीचे उत्तर अजून द्यायचे आहे. जखमी माणूस कमी ताकदीने लढतो हे उघड आहे, म्हणून प्रत्येक जखमेमागे पुढच्या दानांतून काही वजा करावे असे सुचते. वीस बाजूंच्या फाशावर दोन वजा केले, तर पंचावन्न टक्क्यांचा वार पंचेचाळीसवर येतो. दुसऱ्या जखमेनंतर पस्तीसवर. परिणाम असा होतो, की ज्याला पहिला वार बसतो त्याची लढाई जवळपास तिथेच संपते, आणि हरणे ठरून गेल्यावरही त्याला उरलेल्या फेऱ्या ओढत राहाव्या लागतात. हे खरे असेलही, पण असल्या फेऱ्यांत निर्णयच उरत नाहीत. आम्ही जखमेचा भार लढाईतून काढून लढाईनंतर टाकला. लढताना हिट पॉइंट जुन्याच पद्धतीने जातात. ते निम्म्याखाली गेले असतील, तर लढाई संपल्यावर एक दान टाकून जखम किती खोल आहे ते ठरते. मग ताप, सूज, पालखीतून किंवा पाठीवरून न्यावे लागणे, गडावर पोचेपर्यंत किती दिवस, वैद्य कुठला, हे प्रश्न येतात. लढाईच्या धुंदीत माणसाला जखम कळत नाही आणि नंतर ती त्याला आडवे करते, हेही वास्तवच आहे, आणि या रूपात ते खेळता येते. भाला बरगडीत घुसलेला मुलगा त्या फेरीत धावला. पुढचे तीन आठवडे मात्र तो एका वाडीत पडून होता, आणि त्याच्यासाठी तिथे कोणी थांबायचे यावर बाकीच्यांचा जो वाद झाला, तो त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला भाग होता.

काही गट या सगळ्याच्या पलीकडे जाऊन व्हेर्डी द्यु व्हेर्न्वांच्या वाटेने जातात : कोष्टके नकोत, गेम मास्टर प्रसंग पाहून निकाल देईल. हा मार्ग वेगवान आहे आणि चांगल्या हातांत फार खरा वाटतो. त्यातला धोका असा, की सैनिकाला अनुभवाने जे माहीत असते ते खेळाडूला माहीत नसते. दोन भालाईतांमध्ये शिरणे किती जोखमीचे आहे, हे मावळ्याला पाहताक्षणी कळेल. सदाशिव पेठेत दुकान चालवणाऱ्या खेळाडूला ते नियमच सांगू शकतो. नियम म्हणजे पात्राचा तो अनुभव, आकड्यांत मांडून खेळाडूच्या हाती दिलेला. तो पूर्ण काढून घेतला तर खेळाडू अंधारात उडी मारतो आणि निर्णयाला अर्थ राहत नाही. म्हणून निकाल गेम मास्टरच्या अंदाजावर द्यायचा असेल, तरी फासा टाकण्याआधी शक्यता मोठ्याने सांगावी, ‘इथून उडी मारलीस तर तीनातून एकदा पाय मोडेल’ अशा भाषेत, आणि खेळाडूला मन बदलू द्यावे.

नवा गट सुरू करणाऱ्यांना मी एवढेच सुचवीन, की नियमपुस्तक निवडण्याआधी एकच छोटी चकमक दोन वेगळ्या पद्धतींनी खेळून पाहावी, आणि घड्याळाबरोबरच हेही लिहून ठेवावे की प्रत्येक खेळाडूने खरोखर विचार करून किती वेळा काही निवडले. नुसते ‘मी पुन्हा मारतो’ म्हटले, तर ती निवड धरू नये. लढाई किती प्राणघातक असणार हे पहिल्याच बैठकीत उघड सांगावे. आमच्या मोहिमेच्या वहीच्या पहिल्या पानावर यासाठी तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत : बेसावध माणसावर जवळून केलेला वार एका दानात जीव घेऊ शकतो, मग तो माणूस शत्रू असो वा आपले पात्र, शत्रूचे धैर्य सुटते आणि पळणाऱ्याचा पाठलाग करायचा की नाही हे खेळाडूंनी ठरवायचे, जखम भरण्याचा काळ आठवड्यांत मोजायचा. ही वही वाचल्यापासून आमचे खेळाडू खिंडीत शिरण्याआधी टेहळणीला माणूस पाठवतात.